रोज रात्री किती झोप हवी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी आकडा सांगा. किती तास?

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास. झोपेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या दोन संघटनांनी २०१५ साली मिळून हा आकडा दिला: १८ ते ६० वयाच्या माणसाने रोज सात किंवा त्याहून जास्त तास झोपावं. त्याच वर्षी तिथल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने सात ते नऊ तास म्हटलं. लहानपणापासून आपण ऐकत आलेला ‘आठ तास’ हा याच पट्ट्याचा मध्य. कुणाला सव्वासात तास पुरतात, कुणाला पावणेनऊ लागतात, आणि दोघंही ठणठणीत असू शकतात.

लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना वेगळा हिशोब आहे का?

आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ चोवीस तासांतले १४ ते १७ तास झोपतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. पुढे वर्षाचं होईपर्यंत १२ ते १५ तास, एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३. यात दुपारची झोपही धरलेली आहे. शाळेत जाणाऱ्या, म्हणजे सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना ९ ते ११ तास आणि चौदा ते सतरा वयाच्यांना ८ ते १०. पासष्टीच्या पुढे ७ ते ८.

यातला सर्वांत दुर्लक्षित आकडा चौदा ते सतराचा आहे. मूल वडिलांच्या उंचीचं झालं की त्याची झोपही वडिलांएवढीच असावी असं घरात धरून चालतात. त्याला अजून तास-दीड तास जास्त लागतो.

अकराला आडवा होतो, सहाला उठतो. झाले ना सात तास?

अंथरुणातले सात झाले, झोपेचे नाही. निरोगी माणसालाही झोप लागायला दहा-वीस मिनिटं जातात. रात्रीत बारीक बारीक जाग येते, त्यातल्या बहुतेक सकाळी आठवतसुद्धा नाहीत. अंथरुणात काढलेल्या वेळातला साधारण ८५ टक्के वेळ प्रत्यक्ष झोपेत गेला तर ती चांगली झोप मानतात. या हिशोबाने तुमचे सात तास म्हणजे जेमतेम सहा. सात तास झोप हवी तर दिवा मालवल्यापासून गजरापर्यंत आठ तासांच्या आसपास अंतर ठेवावं लागतं.

मला सहा तास पुरतात. गेली कित्येक वर्षं मी असाच झोपतोय, काही बिघडलं नाही. मग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेकदा थोड्या अभिमानाने येतो. म्हणून याचं उत्तर सविस्तर.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ निरोगी माणसं प्रयोगशाळेत ठेवली. काहींना रात्री आठ तास अंथरुणात राहू दिलं, काहींना सहा, काहींना चार. हे सलग चौदा दिवस. आणखी एका गटाला सलग तीन रात्री अजिबात झोपू दिलं नाही. दिवसभर दर काही तासांनी सगळ्यांच्या चाचण्या घेतल्या: पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, आकडे लक्षात ठेवायचे, असल्या साध्या गोष्टी. आठ तासवाले जवळपास जिथल्या तिथे राहिले. सहा आणि चार तासवाल्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि दोन आठवड्यांअखेर ती एक ते दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसाइतकी खाली आली. मध्ये कुठेही शरीराला ‘सवय’ झाली आणि घसरण थांबली, असं घडलं नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या लोकांना रोज विचारलं जायचं, तुम्हाला किती झोप आल्यासारखं वाटतंय? पहिले काही दिवस ते सांगत, खूप. नंतर त्यांचं उत्तर तिथल्या तिथेच राहिलं. चाचणीतल्या चुका वाढत होत्या, आणि त्यांना मात्र आपलं बरं चाललंय असं वाटत होतं. सहा तास पुरतात की नाही हे ठरवणारा मेंदूच सहा तास झोपलेला असतो, त्यामुळे त्याच्या साक्षीवर फार विसंबता येत नाही.

तुमचं काही बिघडलं नाही असं तुम्ही म्हणता. शक्य आहे. पण बसमध्ये बसल्या बसल्या मान टाकणं, दुपारी मीटिंगमध्ये डोळे ओढणं, संध्याकाळी मुलांवर उगाच खेकसणं, हे सगळं आपण ‘दगदग’ या खात्यावर टाकतो. त्यातलं किती झोपेच्या खात्यावर जायला हवं ते दोन आठवडे जास्त झोपल्याशिवाय कळत नाही.

पण चार-पाच तासांत ताजेतवाने होणारे लोक खरंच असतात ना?

असतात, फार थोडे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या प्रयोगशाळेत यिंग-हुई फू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००९ साली एका कुटुंबात डीईसी२ नावाच्या जनुकातला बदल सापडला. ज्यांच्यात तो होता त्यांना सहा-साडेसहा तासांत पुरेशी झोप मिळे. २०१९ मध्ये त्यांना असंच आणखी एक जनुक सापडलं. अशा लोकांची खूण अशी की सुट्टीत, गजर नसताना, कुणी उठवायला नसतानाही ते तेवढेच झोपतात. तुम्ही रविवारी दहापर्यंत झोपत असाल तर तुम्ही त्यांच्यातले नाही.

पुढारी, उद्योगपती, नट चार तास झोपतात या कौतुककथांवर आमचा फारसा विश्वास नाही. गाडीत, विमानात आणि सोफ्यावर घेतलेल्या डुलक्या त्या कथांमध्ये मोजलेल्या नसतात.

माझी स्वतःची गरज किती, हे घरच्या घरी कसं ओळखू?

आठ-दहा दिवसांची मोकळी सुट्टी मिळाली तर गजर लावू नका. झोप आली की झोपा, जाग आली की उठा. पहिले तीन-चार दिवस जरा जास्तच झोप होईल, ती मागची थकबाकी. पुढच्या दिवसांत झोप जिथे स्थिरावेल तो तुमचा आकडा.

अशी सुट्टी कुणाला मिळते, हेही खरंच. मग साध्या खुणा बघा. गजराशिवाय, किंवा गजराच्या पाच-दहा मिनिटं आधी, आपोआप जाग येते का? सकाळी अकराच्या सुमाराला, चहा न घेता, तुम्ही टक्क जागे असता का? आणि रात्री पाठ टेकल्या टेकल्या, पुढच्याच मिनिटाला झोपी जात असाल तर त्याचं कौतुक नको. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ म्हणतात ते त्यालाच. दगडावरही झोप लागते, कारण ती तेवढी साचलेली असते.

पहाटे चारला उठणं आरोग्याला चांगलं असतं का?

नऊला झोपत असाल तर बेलाशक उठा.

आपल्याकडे उठण्याच्या वेळेला फार मान आहे आणि झोपण्याच्या वेळेला काहीच नाही. ‘लवकर निजे, लवकर उठे’ यातला पहिला अर्धा भाग सोयीस्करपणे गळून पडतो. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाच्या दीडेक तास आधीची वेळ. आपल्याकडे ऋतूप्रमाणे ती साडेचार ते साडेपाचच्या आसपास येते. ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात त्या वेळी उठायला सांगितलं आहे ते स्वस्थ माणसाला, आणि ते सांगितलं तेव्हा सूर्य मावळल्यावर करण्यासारखं फार काही नसे. रात्री साडेअकरापर्यंत मालिका आणि मोबाइल, मग साडेचारचा गजर, असं कुठल्याच ग्रंथात सांगितलेलं नाही.

रात्रीची झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते, शेवटच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त. या स्वप्नांच्या झोपेत बुबुळं पापण्यांखाली भराभर हलतात. शिकागो विद्यापीठात १९५३ साली तिचा शोध लागला. पहाटेची साखरझोप म्हणतात ती बरीचशी हीच. सात तासांतले शेवटचे दोन तास कापले की झोप कमी होतेच, पण तिचा हा एक प्रकार जास्त कापला जातो. भावना आवरणं, आदल्या दिवशीचं शिकलेलं जुन्याशी जोडणं, ही कामं त्या झोपेशी निगडित आहेत असं मानलं जातं.

मुलाची शाळा सकाळी सातची आहे. पावणेसहाला उठवावं लागतं. काय करावं?

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढला: शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावी. मुलांची झोप पूर्ण होत नाही हेच त्यामागचं कारण दिलं होतं. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांनी आणि स्कूलबसवाल्यांनी त्यावर अडचणी मांडल्या. तुमचं मूल चौथीच्या आत असेल आणि शाळा अजून सातचीच असेल, तर पालकसभेत हा निर्णय पुढे ठेवायला हरकत नाही.

गंमत अशी की लवकरच्या शाळेचा त्रास चिमुरड्यांपेक्षा मोठ्या मुलांना अधिक होतो. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. रात्री झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन उशिरा पाझरायला लागतं. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्सकाडन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. आठवी-नववीतल्या मुलाला दहाला झोप येत नाही याला मोबाइलइतकंच त्याचं वयही जबाबदार असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. आपल्याकडे मात्र नेमके आठवी ते दहावीचे वर्ग सकाळच्या सत्रात घालतात आणि मग शाळेआधी क्लासही लावतात.

घरापुरतं करता येण्यासारखं एवढंच: जेवण साडेसात-आठला, दप्तर आणि डबा रात्रीच तयार, आणि रविवारी उठण्याची वेळ फार तर तासाभराने पुढे.

दहावी-बारावी, नीट किंवा एमपीएससीचा अभ्यास आहे. झोप पाच तासांवर आणली तर वर्षभर चालेल का?

तीन तास जादा मिळतात खरे, पण वाचलेलं डोक्यात बसवण्याचं काम झोपेतच होतं. दिवसा जे शिकलो ते झोपेत पक्कं होतं, आणि हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. लातूर असो की पुण्यातली पेठ, अभ्यासिकेत रात्री दोन वाजता तेच पान चौथ्यांदा वाचणारा मुलगा कुणीही दाखवील. ते चार वेळा वाचण्यापेक्षा साडेअकराला झोपून सकाळी एकदा वाचलेलं स्वस्त पडतं.

परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण हा तर सरळ तोट्याचा व्यवहार आहे. पाठांतर थोडं वाढतं, पण गणितात आणि आकलनाच्या प्रश्नांत जे डोकं चालवावं लागतं ते मंद झालेलं असतं.

आठवडाभराची झोप रविवारी भरून निघते का?

थोडी. गळून गेल्यासारखं वाटणं कमी होतं. पण कोलोरॅडो विद्यापीठातल्या २०१९ च्या प्रयोगात आठवडाभर कमी झोपून शनिवार-रविवारी हवं तेवढं झोपलेल्यांचं साखर हाताळण्याचं शरीराचं तंत्र बिघडलेलंच राहिलं. शिवाय रविवारी दहाला उठलात की रात्री बाराशिवाय झोप येत नाही, आणि सोमवारी पुन्हा सहाचा गजर. दर आठवड्याला दोन दिवस परदेशात जाऊन आल्यासारखी शरीराची गत होते. भरून काढायचंच असेल तर रविवारी उशिरा उठण्याऐवजी शनिवारी लवकर झोपा, किंवा दुपारी थोडं पडा.

दुपारची वामकुक्षी घ्यावी का?

पुणेकरांना विचारायचा हा प्रश्नच नव्हे.

घ्यावी, पण वीस-पंचवीस मिनिटं, आणि तीनच्या आत. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, जेवण जड असलं काय आणि हलकं असलं काय. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात आळीपाळीने चाळीस मिनिटांची विश्रांती देऊन पाहिलं. ते सरासरी सव्वीस मिनिटं झोपले आणि उरलेल्या प्रवासात, विशेषतः विमान उतरवताना, न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं जड होतं आणि रात्रीची झोप पुढे ढकलली जाते. आयुर्वेदानेही दिवसा झोपण्याची मुभा सरसकट दिलेली नाही. उन्हाळ्यात सगळ्यांना, आणि एरवी मुलं, म्हातारी माणसं, अशक्त आणि प्रवासाने थकलेले यांना.

रात्री झोप न येण्याची तक्रार असेल तर मात्र वामकुक्षी आधी बंद करा.

रातपाळी असते. दिवसा सात तास झोपलं तर तीच गोष्ट का?

दुर्दैवाने नाही. शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. रातपाळी करून सकाळी घरी परतताना डोळ्यांवर ऊन पडतं आणि घड्याळ पुन्हा ‘दिवस’ दाखवू लागतं. त्यामुळे दिवसाची झोप तुटक आणि तास-दोन तासांनी कमीच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रीच्या पाळीच्या कामाला २००७ मध्ये ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. रातपाळी करणाऱ्याची झोप घरच्यांनी गांभीर्याने घ्यावी म्हणून सांगतो.

कामाला येणाऱ्या गोष्टी: घरी येताना गॉगल लावा. खिडकीला जाड काळा पडदा किंवा चादर. दाराची बेल बंद, आणि कुरिअर शेजाऱ्यांकडे. पाळीवर जाण्याआधी संध्याकाळी तासभर झोप. पाळ्या फिरत्या असतील तर पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी असा क्रम उलट्या क्रमापेक्षा सोसवतो, कारण माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्याला मागे सरकण्यापेक्षा पुढे सरकणं सोपं जातं. युनियनला कधी पाळ्यांवर बोलायची संधी मिळाली तर हा मुद्दा मांडण्यासारखा आहे.

रातपाळी म्हटलं की एमआयडीसी, हॉस्पिटल आणि कॉल सेंटर डोळ्यांपुढे येतात. शेतकऱ्याची कुणी मोजत नाही. शेतीपंपाला थ्री फेज वीज आलटून पालटून काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की थंडीत, साप-बिबट्याच्या भीतीत शेतात पाण्याची दारं धरायला जायचं आणि सकाळी पुन्हा दिवसाची कामं. त्याला ‘वेळेवर झोपा’ हा सल्ला देण्यात काही अर्थ नाही. दिवसा वीज हा त्याच्या झोपेचा खरा उपाय आहे, आणि सौर फीडरची, म्हणजे शेतीपंपांना दिवसा सौरवीज देणाऱ्या वाहिनीची, मागणी आरोग्याचीही मागणी आहे असं आम्हाला वाटतं. तोवर, रात्री पाण्यावर गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुपारी दीड-दोन तास निवांत झोपू द्या.

मी गृहिणी आहे. सगळे झोपल्यावर झोपते, सगळ्यांच्या आधी उठते. मला सात तास कुठून मिळणार?

या प्रश्नाला घड्याळाचं उत्तर पुरत नाही, वाटणीचं लागतं. पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं, ते भरायला कोण उठतं? सहाच्या लोकलसाठी डबा कोण करतं? रात्री ओटा कोण आवरतं, दूध कोण तापवतं? यातली दोन कामं जरी दुसऱ्याच्या अंगावर गेली तरी तासभर मिळतो. नोकरी करणाऱ्या बाईच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे.

त्यात शरीराचंही काही असतं. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे. लोह कमी असलं की थकवा तर येतोच, शिवाय काहींना रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही आणि डोळा लागत नाही. पाळी जाण्याच्या वयात रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन जाग येते. दोन्हींवर उपचार आहेत. ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणून सोडून देऊ नका.

वय वाढलं की झोप कमी लागते ना?

गरज फारशी कमी होत नाही. सलग आणि गाढ झोपण्याची ताकद कमी होते. घड्याळही अलीकडे सरकतं, म्हणून आजोबा आठला पेंगतात आणि तीनला टक्क जागे होतात. दुपारचे दीड तास आणि संध्याकाळची टीव्हीसमोरची डुलकी धरून हिशोब केला तर बहुतेकांचे सात तास भरलेले असतात. ज्यांचे भरत नाहीत त्यांनी संध्याकाळी उन्हं असताना बाहेर फिरून यावं, आणि लघवीसाठी तीन-चारदा उठावं लागत असेल तर डॉक्टरांना सांगावं. ते वयामुळे आहे म्हणून गप्प बसणारे फार भेटतात.

रात्री दोन-तीनला जाग येते. हा आजार आहे का?

जाग येणं हा आजार नव्हे. परत झोप न लागणं आणि त्याचा दिवसा त्रास होणं, हे आठवड्यातून तीन रात्री आणि सलग तीन महिने चाललं तर त्याला निद्रानाश म्हणतात. घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटं तळमळलात तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या.

जुन्या काळी लोक जास्त झोपत असत का?

आपल्याला वाटतं तेवढं नाही. त्याचा अंदाज आजही विजेशिवाय राहणाऱ्यांवरून बांधतात. टांझानियातले हादझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या, विजेशिवाय राहणाऱ्या तीन समाजांतल्या लोकांच्या मनगटांवर यंत्रं बांधून झोप मोजली गेली. २०१५ मध्ये आलेला आकडा होता ५.७ ते ७.१ तास. सूर्यास्तानंतर तीनेक तास ते जागे असत. मग सात तासांचा हट्ट कशाला, असं कुणी विचारील. एक तर यंत्राने मोजलेली प्रत्यक्ष झोप आणि आपण तोंडी सांगतो ते तास यांत फरक असतो. हे लोक अंथरुणात सात ते साडेआठ तास असत. दुसरं म्हणजे ते जवळजवळ रोज एकाच वेळी झोपत-उठत आणि दिवसभर उजेडात असत. त्यांच्यात निद्रानाशाची तक्रारही फार क्वचित होती.

नऊ तास झोपूनही सकाळी अंग मोडून येतं. का?

घोरता का? घरच्यांना विचारा. घोरता घोरता आवाज बंद पडतो, श्वास अडकल्यासारखा होतो आणि मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास येतो, असं ते म्हणाले तर तो स्लीप अॅप्निया असू शकतो. घशातली वाट झोपेत मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन वाट उघडतो. तीव्र आजारात हे तासाला तीस किंवा जास्त वेळा होतं. माणसाला वाटतं आपण नऊ तास झोपलो. आपल्याकडे मोठ्याने घोरणाऱ्याला ‘काय गाढ झोपलाय’ म्हणतात, तिथेच घोटाळा होतो. जाड मान, वाढलेलं वजन, गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, सकाळची डोकेदुखी, दिवसा कुठेही डोळा लागणं, ही लक्षणं दिसली की छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे स्लीप स्टडीची, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीची, चौकशी करा. मास्कमधून हवा देणारं सीपॅप यंत्र पहिल्या आठवड्यात नकोसं वाटतं, पण ज्यांना मानवतं ते नंतर सोडायला तयार नसतात.

घोरत नसाल तर थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासा, आणि मन उदास आहे का तेही. सतत नऊ तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांमध्ये आजारपण अधिक दिसतं, पण तिथे बहुधा आजारामुळे झोप वाढलेली असते.

चहा, दारू आणि मोबाइल. यातलं काय सोडू?

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्यानेच झोप येते. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही शरीरात असतं, म्हणून चहा चार-पाचनंतर नको आणि कॉफी तर दुपारनंतरच नको. ‘मला चहा पिऊनही झोप येते’ म्हणणाऱ्यांना झोप येते, पण ती हलकी असते.

दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री तुटते. घोरणं वाढतं ते वेगळंच. झोपेसाठी म्हणून पेग घेत असाल तर तो आधी सोडा.

मोबाइलच्या निळ्या उजेडाचा बाऊ जरा जास्तच झाला आहे. खरा तोटा त्यात जाणाऱ्या वेळाचा. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा.

मनगटावरचा बॅंड ‘गाढ झोप फक्त ४० मिनिटं’ दाखवतो. काळजी करू?

नको. किती तास झोपलात हे तो बरं सांगतो, कुठल्या प्रकारची झोप किती हे सांगण्यात चुकतो. मेंदूच्या लहरी न मोजता ते नेमकं सांगणं अवघडच आहे. सकाळी ताजं वाटत असताना बॅंड बघून हिरमुसला होत असाल तर तो रात्री काढून ठेवा.

झोपेची गोळी घेऊ का?

मेडिकलवाल्याकडून परस्पर नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, म्हाताऱ्या माणसांत तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो आणि एकदम बंद केल्या तर झोप आणखी बिघडते. जुनाट निद्रानाशाला अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये पहिला उपाय म्हणून गोळी सांगितली नाही, झोपेसाठीची वर्तणूक-उपचारपद्धती सांगितली. त्यात रोज एकाच वेळी उठणं, झोप येत नसताना अंथरुणात न लोळणं, आणि सुरुवातीला अंथरुणातला वेळच कमी करणं असतं. ऐकायला उलटं वाटतं, पण चार-सहा आठवड्यांत अनेकांना गुण येतो.

शेजारच्या डीजेमुळे झोपता येत नाही. याला काही कायदा?

आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ११२ वर तक्रार करता येते. सर्वोच्च न्यायालयाने रामलीला मैदान प्रकरणात, म्हणजे दिल्लीत झोपलेल्या आंदोलकांवर मध्यरात्री झालेल्या पोलीस कारवाईच्या खटल्यात, २०१२ मध्ये झोपेला घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलं. मुंबई उच्च न्यायालयानेही एप्रिल २०२४ मध्ये, रात्री उशिरापर्यंत जबाब नोंदवण्याच्या एका प्रकरणात, झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि ती हिरावता येणार नाही असं बजावलं.

कामावरून सुटून रात्री गाडी काढून गावी जायचं आहे. एक रात्र जागलं तर काय होतं?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबईहून कोकणात निघणारे शेकडो लोक हेच करतात, म्हणून हिशोब सांगतो. सकाळी पाचला उठलेला माणूस रात्री दहाला सतरा तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि नजर रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. थेंबही न घेता तुम्ही घाटात शिरण्याआधीच त्या मर्यादेच्या पलीकडे असता, आणि पहाटे दोन ते पाच ही शरीराच्या घड्याळातली सर्वांत वाईट वेळ अजून पुढेच असते.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी पाच-दहा मिनिटं निभावतं. जांभया थांबेनात, मागचे दोन किलोमीटर आठवेनात, गाडी पट्ट्यावर जायला लागली, की सुरक्षित ढाबा किंवा पेट्रोल पंप बघून थांबा. कडक चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं सीट मागे करून झोपा. चहाचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो. शक्य असेल तर संध्याकाळी न निघता रात्री झोपून पहाटे पाचनंतर निघा, किंवा दुसरा चालक बरोबर घ्या आणि दर दोन तासांनी बदला. मागच्या सीटवरच्यांनी सगळ्यांनी एकदम झोपू नये, एकाने चालकाशी बोलत राहावं.